काढता न येणारं जाकीट

बोरीवली पूर्व
१२ जानेवारी २०२५

मिहिर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र बाजूला ठेवू नकोस. तुला परत बोलवायला लिहीत नाहीये. काम आहे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा खटाटोप. पत्ता तुझ्या आईने दिला. जिन्यात भेटली, भाजीची पिशवी तशीच हातात धरून म्हणाली, "उत्तरा, माझ्याशी तो रविवारी बोलतो, पण जेवलास का, थंडी आहे का, एवढंच. तू लिही. तुझं तो वाचेल." ती दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या, आणि मधल्या जिन्यात वाढलेला मुलगा जव्हारच्या पुढे कुठल्याशा निवासी शाळेत गणित शिकवतो. चांगलं आहे. पोरांना नळ आणि हौदाची गणितं घालून छळत असशील.

तर काम असं. आमच्या देवव्रतच्या ऑफिसातल्या मंडळींनी त्याच्या नावाने काही रक्कम गोळा केली आणि तुमच्या 'सोबत' गटाला दिली. डोंगरांत शोध आणि बचावाला जाणाऱ्या मुलांसाठी त्यातून नवी जाकिटं घ्यायची आहेत. तू गट सोडल्यापासून सम्यक पुढारी झालाय. तो आणि श्रुतिका घरी आले होते. दोघंही खुर्चीच्या कडेवर बसलेले, चहा गार होईपर्यंत हातात. शेवटी सम्यक म्हणाला, "काका, काकू, तुम्हीच निवडा ना. आम्ही काय घेणार, देवच्या नावाचं आहे."

मला वाटलं काका उठून आत जातील. देव गेल्यापासून घरी कुणी आलं की ते आत जातात, तुला माहीत नाही ते. पण ते बसून राहिले आणि म्हणाले, "नमुने मागवा." पाणीखात्यातून निवृत्त झालेला इंजिनीअर बोलला ते. मला बरं वाटलं, रे. निदान कशाला तरी हात घालतोय माणूस.

तर विचारायचं आहे ते हे. तुमची जुनी जाकिटं म्हणजे नुसती बिनबाह्यांची पातळ नारिंगी बंडी, वर चमकपट्टी. तुम्ही ती पाठपिशवीच्या खाली घालायचात की वर? खाली घातली तर पाठीचा सगळा रंग पिशवीमागे झाकतो. वर घातली तर पिशवीतून काही काढायचं म्हणजे आधी जाकीट उतरवा. काकांचं म्हणणं, आता अशी जाकिटं मिळतात की जाकीट हीच पिशवी. पुढे-मागे कप्पे, त्यात दोर, पाणी, औषधं, आणि सगळं बाहेरून भडक. ओझं आणि रंग एकाच ठिकाणी. पण अंगावर वागवणाऱ्याला ते कसं वाटेल, हे आम्हा दोघांना काय कळणार? देवला विचारलं असतं.

तुला विचारते. एका ओळीत उत्तर चालेल.

तुझी,
उत्तराकाकू

ता. क. काकांना मी लिहितेय हे माहीत नाही.


बोरीवली पूर्व
९ फेब्रुवारी

मिहिर,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, मी चिवट आहे. परीक्षेच्या दिवसांत तुम्हा दोघांना पहाटे उठवणारी बाई आहे मी.

नमुने आले. घराची काय अवस्था झालीय ते बघायला तू हवा होतास. सोफ्यावर नारिंगी, जेवणाच्या टेबलावर लिंबाच्या रंगाचं, दाराच्या खिट्टीला आणखी एक. काका रोज सकाळी त्यातलं एक चढवतात, कप्प्यांत तांदळाचे आणि तूरडाळीचे पुडे भरतात आणि इमारतीचे जिने चढतात-उतरतात. लिफ्टमधली माणसं दार उघडून बघत राहतात. वॉचमनने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, साहेबांनी पुन्हा नोकरी धरली का? रस्त्याच्या कामावर?" मी हो म्हटलं. काय सांगायचं त्याला?

खांद्याला कुठे काचतं, बसल्यावर कुठला कप्पा पोटात टोचतो, वाकल्यावर काय पुढे येतं, हे सगळं ते मला सांगतात. इतकं बोलत नव्हते कित्येक महिने. मी ऐकते आणि संध्याकाळी त्याच डाळीचं वरण लावते.

रंगावरून आमचं भांडण झालं. मला लिंबाचा आवडला होता, डोळ्यांत भरतो. ते म्हणाले, दिवाळीनंतर डोंगरावर गवत वाळलं की तुझा लिंबू त्यात विरघळला. मग नारिंगी घ्या म्हटलं तर म्हणाले, गडावर भगवे झेंडे असतात, लांबून फडकताना माणूस वाटतो. झेंडा तरी हलतो हो, मी म्हटलं. त्यांनी ते जाकीट घडी घालायला घेतलं, आणि आपण काय बोलून बसलो ते माझ्या लक्षात आलं.

खरी अडचण वेगळीच आहे. ते दुकानदाराला फोनवर विचारत होते, "चटकन निघणारी कडी नको. दोन हात लागतील, वेळ लागेल, एकट्याने निघणारच नाही, असं बनवून मिळेल का?" तो म्हणाला असणार की लोक याच्या उलट मागतात, कारण काका चिडून म्हणाले, "लोकांचं मला सांगू नका."

का, ते तुला माहीत आहे. पण ह्या घरात ते कुणी उच्चारत नाही, म्हणून मी एकदा सरळ लिहून काढते. वाचवत नसेल तर पुढची ओळ सोड.

तुमच्या गटात एक रीत पडली होती. कुणी सांगितलेली नाही, कुठे लिहिलेली नाही. मेलेल्या माणसापाशी जो आधी पोचेल त्याने आपलं जाकीट काढून त्याच्यावर घालायचं. वर घरची माणसं वाट बघत असतात, त्यांच्या नजरेला पोरगं उघडं पडू नये म्हणून. गेल्या जुलैत त्या घळीत घाटकोपरच्या मुलापाशी देव आधी पोचला आणि त्याने तेच केलं. त्याचा वॉकीटॉकी भिजून बंद पडला होता. स्ट्रेचरला वाट मिळते का बघायला तो ओढा ओलांडून पलीकडे गेला आणि घसरला. तू वर कड्यावर होतास. ढग क्षणभर फाटला, तुला खाली नारिंगी दिसलं आणि तू सगळ्यांना कळवलंस की देव त्याच्याजवळ बसलाय, ठीक आहे, दोर येईपर्यंत त्याला तिथेच राहू दे. म्हणून कुणी त्याला शोधलं नाही. शोधायचं कशाला, दिसत होता ना. डॉक्टर नंतर म्हणाले की पडल्यावर तो काही वेळ जिवंत होता. हे त्यांनी सांगायलाच हवं होतं का, असं मला अजून वाटतं.

आणि मग हॉस्पिटलच्या पायरीवर काकांनी तुला विचारलं, "तुला माणूस आणि कापड यातला फरक कळला नाही?"

त्यानंतर चौथ्या मजल्यावर तुझं पाऊल पडलं नाही, आणि मग तू बोरीवलीच सोडलीस. एका दिवसात माझी दोन मुलं गेली, मिहिर. एक परत येणार नाही. दुसरा बसने काही तासांवर आहे आणि तोही येत नाही, हे मला सहन होत नाही. काम म्हणून लिहिलं होतं पहिलं पत्र. ते खोटं होतं.

उत्तराकाकू


बोरीवली पूर्व
१६ मार्च

मिहिर,

तुझं कार्ड आलं! "पिशवीच्या वर घालायचो. कमरेचा पट्टा रुंद घ्या, नाहीतर सगळं वजन मानेवर येतं." एवढंच. सही नाही, कशा आहात नाही. अक्षर तेच, कोंबडीचे पाय. तुझ्या आईला नेऊन दाखवलं. तिने चष्मा लावून चारदा वाचलं आणि म्हणाली, "माझ्याशी फोनवर एवढंही नाही गं बोलत." मग आम्ही दोघींनी पोहे खाल्ले.

आता नवीन सांगते. घाटकोपरहून सुगंधाबाई आल्या होत्या. लवेशची आई, ज्याला आणायला तुम्ही गेला होतात त्या मुलाची. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. सासरे गिरणीत होते, नवरा आता एका बँकेच्या एटीएमवर रखवालदार आहे. दारात उभ्या, हातात कापडी पिशवी, आत यावं की नाही अशा. पिशवीतून आधी कुळथाचं पीठ काढलं, मग देवचं जाकीट.

धुऊन, घडी घालून आणलं होतं.

म्हणाल्या, "बाय, पोलिसांनी ह्या लवेशच्या कपड्यांवांगडा माका दिल्यानी. माका वाटला तेचाच आसा. मगे कळला, तुमच्या झिलाचा. परत देवक इलंय."

मी त्यांना आत बसवलं. त्याच पुढे म्हणाल्या, "माका सगळे सांगी होते, बघू नको, बघू नको. मी बघलंय. माजो झिल वर इलो तेव्हा उगडो नाय होतो. कोणीतरी तेका पांघरूण घातलेल्यान. माका ह्या जल्मभर पुरतला."

पुरेल म्हणाल्या, रे. त्या बाईला ते जन्मभर पुरेल. तिच्याजवळ मुलाची तेवढीच एक गोष्ट आहे जी बघवते, आणि ती माझ्या मुलाने दिलीय. मला तिचा राग यायला हवा होता का? थोडा आला. तिच्या पोराने त्या पावसात तिथे जायला नको होतं असं मनात आलंच. मग ती रडायला लागली आणि मीही.

काका आतल्या खोलीच्या दारात उभे होते, कधीपासून कोण जाणे. मला वाटलं आता काहीतरी बोलून जातील. त्यांनी स्वयंपाकघरातून पाणी आणलं, तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ते जाकीट तुमच्याकडेच ठेवा." ती गेल्यावर बराच वेळ त्यांनी टीव्ही लावला नाही. मग म्हणाले, "धुतलंय तिने ते." बस, इतकंच.

तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतंय. ती रीत मोडा म्हणणं सोपं आहे. मीच म्हणत होते इतके दिवस. पण तिच्या तोंडावर म्हणता आलं असतं का मला?

तुझं काय मत? दोन वाक्यांत चालेल. तीन लिहिलीस तर पेढे वाटेन.

उत्तराकाकू


बोरीवली पूर्व
१ जून

मिहिर,

घरात काल मोठं भांडण झालं. तू असतास तर मध्ये पडला असतास, आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली असतीस.

सम्यक आणि श्रुतिका नमुने घेऊन बसले होते. काकांनी आपला आवडता काढला, त्या न निघणाऱ्या कडीचा. मागे दोन पट्टे, ते दुसऱ्याने सोडवायचे. श्रुतिकाने घालून पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, "काका, हे नाही चालणार. पाण्यात पडलं ना कुणी, तर भरलेलं जाकीट त्याला घेऊन तळाला जाणार. एका झटक्यात निघालं पाहिजे. नाहीतर वाट लागली."

"निघालं की तुम्ही ते दुसऱ्याच्या अंगावर घालणार."

"नाही घालणार. तसा नियम केलाय आता," सम्यक म्हणाला. "जाकीट काढायचं नाही. काहीही झालं तरी. सगळ्यांना सांगितलंय."

"नियम!" काका म्हणाले. "अरे, मी जन्मभर नियम केले. पाण्याच्या टाकीवर पाटी लावायचो, इथे कपडे धुऊ नयेत, आणि पाटीलाच कपडे वाळत घातलेले असायचे."

श्रुतिकाला हसू आलं आणि ती लगेच ओशाळली. सम्यक मात्र तापला. "मग काय कुलूप लावायचं का माणसाला, काका? जाऊ दे यार, आम्ही नेहमीचंच घेतो."

मी मध्ये बोलले. म्हटलं, जाकिटाच्या मागच्या कप्प्यात एक वेगळं पांघरूण ठेवा, घडी करून. माणूस मेलेला सापडला तर ते घाला, जाकीट अंगावरच ठेवा. सुगंधाबाईंसारखीला पांघरूण दिसल्याशी कारण, ते कुणाचं जाकीट आहे याच्याशी नाही. श्रुतिकाला पटलं. काकांनी हात झटकला, "आणखी वजन. आणि ते काढायच्या आधीच हात जाकिटाकडे जाईल. मला कुलूपच हवं." आणि आत निघून गेले.

मला कळतं, मिहिर. तो माणूस जाकीट निवडत नाहीये. देवच्या अंगावर ते परत चढवून घट्ट बांधतोय. पण ज्या मुलांना ते घालून पाण्यात उतरायचंय त्यांचं काय? सम्यकलाही आई आहे.

आणखी एक. मी तुला लिहिते ते त्यांना कळलं. मी पाकिटावर पत्ता लिहीत होते आणि ते मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, झालं आता. ते म्हणाले, "काय लिहिलंय त्याने?" मी कार्ड दिलं. उलटसुलट करून वाचलं, टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन करून रुंद पट्ट्याचा नमुना मागवला. तुझं नाव काढलं नाही. पण पट्टा आला तेव्हा मला कमरेला बांधायला लावला आणि विचारलं, "आता मानेवर येतं का?" येत नव्हतं. ते म्हणाले, "त्याला कळतं यातलं."

शाळेला सुट्टी असेल ना आता? विचारलं नुसतं.

उत्तराकाकू


बोरीवली पूर्व
२० जुलै

मिहिर,

देवचं वर्षश्राद्ध झालं. तुझी आई दिवसभर माझ्याबरोबर स्वयंपाकघरात होती. सगळं पान वाढून झाल्यावर तिने न विचारता सुरळीच्या वड्या वाढल्या, कारण त्याला आवडायच्या, आणि मग म्हणाली, मिहिरलाही. गुरुजी म्हणाले श्राद्धाला हे चालत नाही. तिने वाढल्या त्या वाढल्याच.

पानं वाढली तेव्हा काका दाराकडे बघत होते. मीही बघत होते. तू आला नाहीस.

आज आणखी लिहवत नाही.

काकू


बोरीवली पूर्व
१७ ऑगस्ट

मिहिर,

हे पत्र नीट बसून वाच. मुलांना काहीतरी सोडवायला दे आणि वाच.

काल जाकिटांची शेवटची चाचणी होती. मुलुंडच्या मागे डोंगराच्या अंगाला एक बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिथे. काकांचा हट्ट होता की पावसातच बघायचं, ढग उतरलेले असताना, नाहीतर बघून उपयोग काय. मुलांनीही मानलं. भांडणानंतर सम्यक पुन्हा घरी आला होता, त्यालाच वाईट वाटलं. अजून कडीचा निकाल लागायचा होता, पण आधी रंग तरी ठरवू म्हणाले.

बेत असा होता. काका आणि मी वरच्या कडेला उभं राहायचं. खाली खाणीच्या तळाशी सरावाचा पुतळा ठेवला होता, तुम्ही ज्याला 'पाहुणा' म्हणता तो, वाळूची पोती शिवून केलेला. सम्यकने साध्या कडीचं नारिंगी जाकीट पूर्ण भरून पाहुण्यापर्यंत उतरायचं आणि तिथे बसायचं. श्रुतिकाने लिंबाच्या रंगाचं घालून पलीकडच्या उताराने जायचं. ढग येईल-जाईल तसं काकांनी बघायचं, आधी कोण दिसतं, किती वेळ दिसतं. त्यांनी त्यासाठी मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा उरकून घेतलंय, सांगायचं राहिलं. आता नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.

मी छत्री धरून उभी होते. ढग खाली साचलेला, काही दिसेना. मग वारा आला आणि तो उकलला. काका ओरडलेच, "दिसला! नारिंगी! बघ, उत्तरा, काय झकास दिसतोय!" आणि मग, "सम्यक बसलाय बघ. गुडघे जवळ घेऊन. गारठलाय बिचारा." मीही बघितलं. मलाही तो बसलेला दिसला.

ढग परत आला, परत गेला. नारिंगी जिथल्या तिथे. काका खूश होते. लिंबाचा रंग मधूनच हरवत होता, हा हरवत नव्हता. त्यांनी हाताचा कर्णा करून हाक मारली, "सम्यक! झालं! आता वर ये!"

तो हलला नाही. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा मारली. "सम्यक! हात वर कर!"

हात वर आला नाही. काकांचा आवाज बदलला. "अरे, हात वर कर ना! उठ!" ते कडेला पुढे सरकले, मी त्यांचा रेनकोट मागून घट्ट धरला. "उठ रे! बसून काय राहिलायस? उठ!" मला आता त्यांच्या आवाजाने भीती वाटायला लागली. ते सम्यकला हाक मारत नव्हतेच, मिहिर.

तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "काका, मी इथे आहे. मी वर आलो."

सम्यक. ओला, धापा टाकत, अंगात साधा टी-शर्ट. तिथे बसायचं विसरून, खऱ्या कामाला असावा तसा, स्ट्रेचर न्यायला मागच्या पायवाटेने वर आला होता. खाली त्याचं जाकीट पाहुण्यावर होतं.

काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, मग परत त्याच्याकडे. सम्यकचा चेहरा पांढरा पडला. नियम ज्याने केला त्यानेच. "काका, सॉरी," तो म्हणाला. "मी पाहुण्यापाशी पोचलो आणि... हात आपोआप गेला. मला आठवतसुद्धा नाही कधी काढलं ते. कसम."

कुणी त्याला रागावलं नाही. काका खाली दगडावर बसले, चिखलात. म्हणाले, "मला गुडघे दिसले त्याचे. मी गुडघे बघितले." सम्यक त्यांच्याशेजारी बसून राहिला. श्रुतिका वर आली, तिला काय झालं ते कुणी सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं. तिने आपलं जाकीट काढायला हात घातला, काकांना थंडी वाजत होती म्हणून, आणि मध्येच थांबली.

परत येताना गाडीत ते मला म्हणाले, "मिहिरला किती वेळ दिसलं होतं?"

मी म्हटलं, "ढग क्षणभर फाटला होता, असं तो म्हणाला होता."

"मी तर सारखा बघत होतो," ते म्हणाले. त्यानंतर घर येईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं होतं. खांदे हलत होते. देव गेला तेव्हा ते रडले नव्हते, तुला आठवत असेल. सगळे म्हणत होते, किती खंबीर. काल रडले.

आज सकाळी त्यांनी दुकानदाराला कळवलं. नारिंगी, रुंद पट्टा, एका हाताने सुटणारी कडी. आणि पाठीमागे नाही, पुढे छातीवर, जिथे हात आधी जातो तिथे, पांघरुणाचा कप्पा. ते म्हणाले, हात जाणारच असेल तर पांघरुणावर जाऊ दे. पांघरुणाचा रंग अजून ठरलेला नाही. नारिंगी नको, एवढंच ठरलंय. बाकी सम्यक म्हणतो, मिहिरला विचारू.

मग ते माझ्याजवळ येऊन बसले. मी कागद काढला होता, तुला ये म्हणून लिहिणार होते, या वेळी उघडपणे. त्यांनी कागदावर हात ठेवला. म्हणाले, "त्याला बोलावू नकोस. त्याने का यावं? मी जातो."

तर पुढच्या रविवारी आम्ही दोघं तुझ्या शाळेत येतोय. गाडी सम्यक चालवेल. तुझी आईही येते म्हणतेय, तिला मी नाही म्हटलं, ती पुढच्या वेळी. काका तुझ्याशी काय बोलतील मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. त्यांना जमत नाही ते, तू लहानपणापासून बघतोयस. पण त्यांनी एक गोष्ट मागितलीय आणि ती मी लिहितेय, कारण तोंडाने ते तुला विचारू शकणार नाहीत. त्यांना त्या कड्यावर जायचंय. देव पडला त्या जागी नाही, वर, तू जिथे उभा होतास तिथे. तुझ्याबरोबर. तिथून काय दिसतं ते बघायचंय.

तू नाही म्हणालास तरी आम्ही येऊच, चहा पिऊन परत जाऊ. पण हो म्हणालास तर मी वर येणार नाही, मला ते जमणार नाही. मी खाली गावात थांबेन, गाडीत बसून. पाऊस असला तर काच खाली करून बसेन, म्हणजे रस्ता दिसेल.

फक्त एवढं कर, मिहिर. वर जाल ते दोघं, खाली याल तेही दोघं. मला दोघंही परत पाहिजेत.

तुझी,
काकू